पहिलं फर्निचर करताय? आधी स्टूल करा

पलंग-कपाटाचा विचार वर्षभर बाजूला ठेवा आणि एक स्टूल करा. चार पाय सारख्या उंचीचे कापून ते न डुगडुगता उभं राहिलं, की हात बसला समजा. हत्यारं मोजकीच घ्या: बारीक दाताची करवत, पटाशी, रंधा, दोन शिकंजे. गुण्या मात्र चांगलाच घ्या, कारण काटकोन चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तेही रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. हे कळायला मला एक टेबल गमवावं लागलं. सागवानी फळ्या चौकटीला चहूबाजूंनी फेविकॉलने पक्क्या केल्या होत्या. एप्रिलमध्ये मधोमध तडा गेला, फार वाईट वाटलं. आता मी वरची फळी स्क्रूने बसवतो आणि खालच्या पट्टीतली भोकं लांबट ठेवतो, म्हणजे लाकडाला हलायला जागा मिळते.

प्लायवर आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि एमआर, म्हणजे फक्त ओल सोसणारी, प्रत लिहिलेली असेल तर ते कोरड्या खोलीसाठी. ओट्याखाली आयएस ७१०, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लायच वापरा. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर कडेला चीर जाते. आणि घासताना मास्क लावाच, सागाची धूळ फुफ्फुसांना त्रास देते.