डास मारला की लाल, झुरळ मारलं की पांढरं, असं का?

प्रश्न: माझा मुलगा सिनियर केजीत आहे, शाळेतून कीटकांचा चार्ट करायला दिलाय. डोकं, छाती, पोट, सहा पाय, सगळं पाठ झालंय त्याचं. पण काल विचारतो, आई, डास मारला की लाल येतं मग झुरळ मारलं की पांढरं का येतं? आणि टीचर म्हणतात कीटक निसर्गाला मदत करतात, तर झुरळ काय मदत करतं? मी तर दिसलं की चप्पलच घेते. काय सांगू?
— एक आई, भांडुप

उत्तर: चार्ट राहू दे बाजूला, पोराचा प्रश्न जास्त भारी आहे. डासाचं ते लाल रक्त त्याचं नसतंच, आपलं असतं, नाहीतर शेजाऱ्यांचं. चावते ती पण फक्त मादी, अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं, नर बिचारा फुलांचा रस पिऊन राहतो.

आता झुरळ. आपलं रक्त लाल कारण त्यात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. कीटकांच्या रक्ताला ते कामच नसतं, त्यांच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक भोकं असतात, तिथून हवा आत शिरते आणि नळ्यांमधून थेट सगळीकडे पोचते. म्हणून त्यांचं रक्त लाल नसतं, आणि ते जे पांढरं दिसतं त्यात बरीचशी चरबी असते. श्वासासाठी तोंडावर नाक नाही, वास घ्यायचं काम मिशांचं. डोकं तुटलं तरी झुरळ काही दिवस जगतं त्याचं एक कारण हेच, श्वास अंगावरच्या भोकांतून चालतो, पण हे झोपायच्या आधी सांगू नका बाबा.

चार्टवर एक मात्र चेक करा. सहाही पाय छातीला जोडलेत ना? पंखसुद्धा तिथेच. मुलं हमखास पोटाला पाय काढतात. आणि कोळी काढला असेल तर खोडा, त्याला आठ पाय, तो कीटक नाही.

मदतीचं म्हणाल तर झुरळांचे 4000 च्या वर प्रकार आहेत आणि घरात घुसणारे त्यातले अगदी मोजके. बाकीची जंगलात राहतात, पालापाचोळा, कुजलेलं लाकूड खातात, त्याची माती व्हायला मदत होते, आणि पक्षी, सरडे त्यांना खातात. किचनमधल्या झुरळाला मात्र चप्पल चालू ठेवा, ते तिथे निसर्गाला मदत करायला आलेलं नसतं. मला स्वतःला ही उपयोगी कीटक आणि त्रासदायक कीटक अशी शाळेतली वाटणी फारशी पटत नाही. माशीचंच बघा, आपण हाड् हाड् करतो, पण आंब्याच्या मोहोरावर परागकण इकडून तिकडे नेण्यात माश्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे पोराला आमरस आवडत असेल तर त्यात माशीचीही मेहनत आहे (हे सासूबाईंसमोर जेवताना बोलू नका).

आणि जमलं तर खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी ठेवा आणि औषध मारू नका. लाईम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतात, अळी सुरुवातीला अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते. पोरगा पाय मोजणार आणि म्हणणार, सहापेक्षा जास्त आहेत! तर पुढचे तीन जोड खरे पाय, मागचे नुसते पकडून ठेवायला मांसल गोळे, फुलपाखरू झाल्यावर जातात ते. बघायचं, हात नाही लावायचा, आणि केसाळ सुरवंट असेल तर लांबूनच, खाज सुटते.