आंबा-फणसाच्या सावलीत लॉन का जगत नाही?

प्रश्न : गोडोलीत आमच्या घरामागं मोकळी जागा आहे. सासऱ्यांनी लावलेले दोन आंबे, फणस, जांभूळ, सगळी आता मोठी झालीयत. लॉन लावलं की दिवाळीपर्यंत पिवळं पडतं. काँट्रॅक्टर म्हणतोय, भर टाकून लेव्हल करू आणि पेव्हर ब्लॉक बसवू. करावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पेव्हर ब्लॉक अजिबात नको, आणि भर तर त्याहून नको. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, वर मातीचा थर पडला, रोलर फिरला की त्यांची हवा बंद होते आणि बुंध्याशी माती चढली की साल कुजायला लागते. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं, तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की कशानं झालं.

लॉनचा नाद सोडा. हरळीला किमान सहा तास तरी थेट ऊन लागतं, ते तुमच्याकडं नाहीच. त्यापेक्षा एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी, चारच्या सुमाराला ऊन कुठं पडतं तिथं चुन्यानं खुणा करा, बाग कशी आखायची ते तिथंच कळेल. जिथं थोडं ऊन येतं तिथं हळद आणि आलं, हळदीचं बेणं सांगलीकडचं सेलम जातीचं मिळालं तर उत्तम, मेअखेर-जूनमध्ये लावा, पानं रुंद असतात त्यामुळं पावसाळाभर जागा भरून दिसते. मोरीच्या पाण्याशी अळू. सोनटक्का कडेनं, तो ओल धरून असला की खूश. गडद सावलीत नेचे, आणि फणसाच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढवा, छान चढतो.

पालापाचोळा जाळू नका हो! तो उचलून बघा, खाली माती काळी, ओलसर, त्यात बुरशीचे पांढरे धागे दिसतील, हा कुजणारा पाला झाडाचं खतच आहे. पाल्यात सापाची भीती वाटू शकते हे मान्य, म्हणून घरालगतची पाच-सहा फुटांची पट्टी रोज झाडून ठेवा आणि तिथं एक दिवा लावा. बाकी तसाच राहू दे, फक्त बुंध्याला टेकवून ढीग नको.

वाटेसाठी सपाट दगड वाळूच्या पातळ थरावर पावलापावलाच्या अंतरानं ठेवा, खोदायचं नाही. खाली लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या आंबे उतरल्यावर काढा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मोठी फांदी किंवा झाडच काढायचं मनात आलं तर आधी नगरपालिकेची परवानगी घ्या, राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं ती लागते.