टोमॅटो आणि ताज्या मोझरेलाच्या सॅलडला पाणी का सुटते, आणि ते घरी नीट कसे करावे?

आपण लिहिले आहे की मे महिन्यात पुण्यात आपल्याकडे पाहुणे येणार आहेत आणि त्यांच्यासाठी टोमॅटो व मोझरेलाचे इटालियन सॅलड करण्याचा आपला विचार आहे. याआधी दोनदा केले तेव्हा ताटलीत पाणी साचले आणि चीज रबरासारखे लागले. मोझरेलाऐवजी पनीर चालेल का, आणि सॅलड आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येईल का, हेही आपण विचारले आहे. नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे दक्षिण इटलीतील सालेर्नो शहरात राहिले आणि तिथल्या उन्हाळ्यात हे सॅलड आठवड्यातून दोन-तीनदा तरी खाल्ले, पुढे पुण्यात परतल्यावर बरेच प्रयोगही केले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आदल्या रात्री मात्र अजिबात करू नये, कारण फ्रीजमध्ये टोमॅटोचा सुगंध जातो आणि चीज घट्ट होते; आपल्या दोन्ही अडचणींची कारणे पुढे सांगते.

या सॅलडला इटलीत ‘इन्सालाता काप्रेसे’, म्हणजे काप्री बेटावरचे सॅलड, म्हणतात. काप्री हे नेपल्सच्या आखातातील छोटे बेट कांपानिया प्रांतात येते. टोमॅटो, ताजा मोझरेला, बेसिलची पाने, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्याच वस्तू यात असतात. काही घरांत वरून चिमूटभर वाळलेला ओरेगानोही घालतात. काही शिजवायचे नाही, फोडणी नाही, मसाला नाही, त्यामुळे एखादी वस्तू कमअस्सल असली तर तिला सांभाळून घेणारे ताटलीत दुसरे काहीच नसते. आपल्याकडच्या कोशिंबिरीत बेताचा टोमॅटोही दाण्याच्या कुटाने, दह्याने आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीने निभावून जातो. इथे तसे होत नाही. शिवाय कोशिंबिरीच्या सवयीने आपण टोमॅटो बारीक चिरतो आणि सगळे एकत्र कालवतो. या सॅलडात तसे केले की टोमॅटोचा रस आणि चीजचे दूध एकमेकांत मिसळून गुलाबी पाणी होते, आणि तेच आपल्या ताटलीत साचले असावे असे मला वाटते.

टोमॅटोविषयी थोडे सावकाश सांगते, कारण सगळी चव तिथेच ठरते. टोमॅटोचा वास अनेक सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो आणि ही द्रव्ये बनवण्याचे काम साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली मंदावते. २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिकलेले टोमॅटो आठवडाभर ५ अंशांवर ठेवले होते. ते बाहेर काढून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले तरी गेलेला सुगंध पूर्णपणे परत आला नाही. घरातला फ्रीज साधारण तितकाच थंड असतो. म्हणून या सॅलडासाठी आणलेले टोमॅटो परडीत, देठाची बाजू खाली करून, सावलीत ठेवावेत आणि हाताला किंचित मऊ लागेपर्यंत दोन-तीन दिवस वाट पाहावी. निवडताना रंगापेक्षा वजन आणि वास यांवर विश्वास ठेवावा: आकाराच्या मानाने जड, आणि देठाजवळ नाक नेले की टोमॅटोच्या झाडाचा हिरवट वास देणारे फळ चांगले. मंडईत मिळणारे लांबट, जाड सालीचे हायब्रीड टोमॅटो लांबच्या प्रवासात टिकावेत म्हणून तयार केलेले असतात. भाजीला ते उत्तम, पण कच्चे खाताना त्यांचा गर कोरडा लागतो. गावरान टोमॅटो मिळाले तर तेच घ्यावेत. ते आंबट असतात, पण मोझरेलाची चव गोडसर आणि सौम्य असल्यामुळे थोडा आंबटपणा इथे हवाच असतो.

आता मे महिन्याचा प्रश्न. इटलीत हे उन्हाळ्याचे सॅलड आहे म्हणून आपल्याकडेही ते उन्हाळ्यात चांगले व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि परतल्यावर पहिल्या वर्षी माझीही तीच समजूत होती. नेपल्सच्या परिसरात जुलै महिन्यात दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते विशीच्या जवळ उतरते. पुण्यात एवढ्या बेताच्या दुपारी मिळतात त्या डिसेंबर-जानेवारीत, एप्रिल-मेमध्ये पारा ३८ अंशांपर्यंत सहज जातो. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन सुमारे ३० ते ३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, तर पिवळ्या-केशरी रंगाची द्रव्ये तयार होत राहतात, म्हणून कडक उन्हाळ्यातले टोमॅटो पुष्कळदा देठाकडून पिवळे राहतात. या कारणाने महाराष्ट्रात हे सॅलड करण्याचा खरा हंगाम हिवाळा आहे, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. मे महिन्यात मोठ्या टोमॅटोचा हट्ट सोडून चेरी टोमॅटो घ्यावेत. त्यांत साखरेचे प्रमाण अधिक असते आणि ते मुख्यतः पॉलिहाऊसमध्ये पिकवले जात असल्यामुळे त्या दिवसांतही बऱ्यापैकी चांगले मिळतात. ते उभे अर्धे कापावेत.

चीज रबरासारखे का लागले, याचे कारण बहुधा आपण पिझ्झासाठीचा मोझरेला वापरला असावा. पाकिटातल्या चौकोनी ठोकळ्यातला किंवा किसून मिळणारा मोझरेला पाण्याचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवून बनवलेला असतो, कारण तो वितळण्यासाठी असतो. थंड आणि कच्चा खाल्ला की तो चिवटच लागणार. या सॅलडासाठी पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात, पाण्यात बुडवून ठेवलेला ताजा मोझरेला हवा. पुण्या-मुंबईतील मोठ्या दुकानांत तो डब्यात किंवा पिशवीत मिळतो, लहान गोळ्यांचाही मिळतो. तो बनवताना कोमट दुधाला रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, लावून ते जमवतात, त्याचे तुकडे करून आंबू देतात, आणि आंबटपणा योग्य पातळीला पोहोचला की ते जवळजवळ उकळत्या पाण्यात घालून हाताने किंवा काठीने ताणतात; ताणल्याने त्याचे तंतू जुळतात आणि कापल्यावर आत पदर दिसतात. ताणलेल्या लगद्याचा गोळा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पिळून तोडतात, आणि ‘मोत्सारे’ म्हणजे तोडणे या क्रियापदावरूनच त्याला मोझरेला हे नाव मिळाले.

सालेर्नोच्या दक्षिणेला पेस्तुम येथे प्राचीन ग्रीक मंदिरे आहेत आणि त्यांच्या आसपासच्या सपाट प्रदेशात म्हशींचे गोठे आहेत. पाण्यात डुंबणाऱ्या त्या म्हशी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आजोळची फार आठवण झाली, कारण प्राण्यांची जात तीच आहे जी आपल्या गोठ्यांत असते. तिथल्या म्हशीच्या दुधाच्या मोझरेलाला १९९६ पासून युरोपीय संघाचे संरक्षित नाव आहे आणि त्या नावाने विकायचा मोझरेला केवळ म्हशीच्या दुधाचाच असावा लागतो. गाईच्या दुधाच्या मोझरेलाला तिथे ‘फियोर दी लाते’ म्हणतात. आपल्यासाठी उपयोगाची गोष्ट अशी की म्हशीच्या दुधाचा मोझरेला अधिक रसाळ असतो आणि कापला की भरपूर दूध सोडतो, म्हणून त्या भागातले बरेच लोक या सॅलडासाठी फियोर दी लातेच पसंत करतात आणि म्हशीचा मोझरेला नुसता, पावाबरोबर खातात. पाणी सुटण्याची इतकी धास्ती असेल तर आपणही गाईच्या दुधाचाच घ्यावा. पाहुण्यांमध्ये कटाक्षाने शाकाहारी मंडळी असतील तर पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा, कारण वर सांगितलेल्या संरक्षित नावाच्या मोझरेलात वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते. भारतात बनणारे चीज बहुतेक सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते आणि त्यावर हिरवी खूण असते.

चांगला ताजा मोझरेलाही फ्रीजमधून काढून लगेच खाल्ला तर घट्ट आणि बेचव लागतो, कारण त्यातला स्निग्धांश थंडीने गोठलेला असतो. मी राहत होते तिथे लोक सकाळी चीजच्या दुकानातून मोझरेला आणत आणि तो फ्रीजमध्ये न घालता दुपारच्या जेवणात संपवत. पुण्याच्या मे महिन्यात तसे करणे योग्य नाही. फ्रीजमधला डबा जेवणाआधी पाऊण तास बाहेर काढून, गोळे त्यांच्या पाण्यातच राहू देऊन, पंख्याखाली ठेवावा. आणि मांडलेले सॅलड तासाभरात संपवावे.

पनीर मी या सॅलडात घालणार नाही. तापलेले दूध लिंबाने किंवा दह्याने फाडून आणि वजनाखाली दाबून पनीर बनते, त्यामुळे ते कोरडे व कणीदार होते. टोमॅटोच्या रसाबरोबर दुधाचा जो ओलसरपणा जिभेवर मिसळायला हवा तो त्यातून येत नाही. पण मोझरेला मिळाला नाही तर एक पर्याय आपल्याच भागात आहे. मुंबईच्या पारशी घरांमध्ये आणि सुरतेकडे ‘टोपली नू पनीर’ करतात. नावात पनीर असले तरी ते रेनेट लावून, लहान टोपल्यांत निथळवून, खारट पाण्यात ठेवलेले, खरवसाइतके मऊ चीज असते. घरी करायचे तर एक लिटर पूर्ण सायीचे पिशवीचे दूध न उकळता फक्त अंगाला कोमट लागेल इतके, म्हणजे ३७-३८ अंशांपर्यंत तापवावे, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात शाकाहारी रेनेट थोड्या पाण्यात कालवून त्यात घालावे, आणि पाऊण तास भांड्याला धक्का लावू नये. घट्ट झाले की मोठ्या चमच्याने थर काढून छोट्या गाळण्यांत भरावेत, मधूनमधून किंचित मीठ भुरभुरावे आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये निथळू द्यावे. खोक्यातले, महिनोन्महिने टिकणारे दूध यासाठी चालत नाही. अति उष्णतेने त्यातली प्रथिने बदललेली असतात आणि रेनेटने ते नीट धरत नाही. या चीजच्या चकत्या सुबक पडत नाहीत, चमच्यानेच घालावे लागते, पण चवीला ते पनीरपेक्षा मोझरेलाच्या फार जवळ जाते.

बेसिल म्हणजे तुळस नव्हे, हेही सांगायला हवे, कारण तुळशीची पाने घातलेले हे सॅलड मी एका ठिकाणी खाल्ले आहे आणि त्यात लवंगेसारखा तिखट वास सगळ्यावर मात करत होता. आपण फालुद्यात ज्या बिया घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा आहे. कुंडीत सब्जा पेरला तर त्याची कोवळी पाने इथे चालतात, फक्त त्यांना बडीशेपेसारखा वास थोडा जास्त असतो. बेसिल फ्रीजमध्ये काळे पडते, म्हणून जुडीचे देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून ओट्यावर ठेवावेत, आणि पाने सुरीने न कापता आयत्या वेळी हाताने तोडून घालावीत. तेल एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचेच आणि ताजे असावे. लिंबू, व्हिनेगर, मिरपूड यांपैकी काही घालू नये असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ हॉटेलांत वरून जो काळा, गोड बाल्सामिक सॉस ओततात तो उत्तरेकडच्या मोदेना शहराच्या परंपरेतला आहे आणि काप्रीच्या सॅलडात मुळात नसतो.

चार माणसांसाठी ६०० ग्रॅम टोमॅटो, २५० ग्रॅम ताजा मोझरेला, बेसिलची पंधरा-वीस पाने, तीन मोठे चमचे तेल आणि पाऊण लहान चमचा मीठ पुरते. त्या दिवशी जेवणाची वेळ एक असेल तर सव्वाबाराला मोझरेला बाहेर काढावा. साडेबाराला चेरी टोमॅटो कापून पसरट ताटात एका थरात, कापलेली बाजू वर करून मांडावेत आणि त्यांवर बहुतेक सगळे मीठ भुरभुरावे. मिठाने जो रस सुटेल तो टाकून देऊ नये, एका वाटीत काढून त्यात तेल घालून चमच्याने फेटावे. पाऊणला मोझरेलाचे गोळे पाण्यातून काढावेत, मोठे असल्यास बोटाच्या पेराएवढे तुकडे हाताने तोडावेत, आणि स्वच्छ सुती कापडावर दहा मिनिटे ठेवावेत. ताटलीत साचणारे पाणी मुख्यतः या कापडातच थांबते. मग हे तुकडे टोमॅटोंच्या मधे ठेवून त्यांवर उरलेले मीठ, सगळीकडे रस आणि तेल, आणि शेवटी बेसिल घालावे व ताट लगेच पानावर न्यावे. सोबत कडक सालीचा पाव असावा, कारण तळाला उरणारा तेल-टोमॅटोचा रस पावाने पुसून खाण्याची तिथे रीत आहे; पाव मिळाला नाही तर गरम फुलके द्यावेत, माझ्या घरी तेच असतात. काही उरलेच तर ते पुन्हा फ्रीजमध्ये न ठेवता त्या तासाभरातच पावाच्या कापांवर पसरून तव्यावर झाकण ठेवून, चीज वितळेपर्यंत भाजून घ्यावे.