गाळात रुतलेली होडी आणि अकरावीचा अर्ज

ताई, नमस्कार.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून आलेलं तुमचं पत्र मनापासून वाचलं. लेक दहावी झाली. वक्तृत्वात बक्षिसं आणते, पण घरात पाना-पक्कड हातातून सुटत नाही. ओहोटीला आजोबांची होडी खाडीच्या गाळात रुतते म्हणून तिने दोन्ही बाजूंना ट्रकच्या जुन्या ट्यूब बांधल्या, पंपाने हवा भरली. होडी उचलली गेली, पण एका अंगाला कलंडली. तिला व्हायचंय वकील. तिचे बाबा म्हणतात, मग सायन्स कशाला, आर्ट्स घे, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

सायन्सच घेऊ द्या, आणि गणितासह. तिच्या बाबांसाठी कारण सविस्तर लिहितो.

अब्राहम लिंकन वकील होते आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या नावावर एक पेटंटही आहे. तरुणपणी माल घेऊन जाताना त्यांची सपाट बोट एका गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली होती. 1848 साली प्रवासात उथळ पाण्यात अडकलेली बोट त्यांनी पाहिली. खलाशी रिकामी पिंपं आणि फळ्या तिच्या कडांखाली कोंबून तिला वर उचलायला बघत होते. तेव्हा लिंकन अमेरिकेच्या संसदेचे, म्हणजे तिथल्या काँग्रेसचे, सदस्य होते. तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आपल्या गावी, स्प्रिंगफिल्डला, एका कारागिराच्या मदतीने त्यांनी लाकडी नमुना बनवला: बोटीच्या दोन्ही अंगांना जलरोधक कापडाचे हवेचे कप्पे, एरवी घडी घातलेले. बोट अडकली की दोर आणि दांड्यांनी ते खाली ताणायचे, हवा भरायची, बोट माल न उतरवता उचलली जायची. 22 मे 1849 रोजी पेटंट मिळालं, क्रमांक 6469. पेटंट असलेले अमेरिकेचे ते आजवरचे एकमेव राष्ट्राध्यक्ष.

तुमच्या लेकीची कल्पना हीच आहे, ताई! तिला सांगा, तिला खूप आनंद होईल. पण त्यातच वाईट बातमीही आहे: जे आधीच जगापुढे आलेलं आहे, त्यावर पेटंट मिळत नाही.

लिंकनचं ते यंत्र कधी बाजारात आलं नाही, त्यातून पैसाही मिळाला नाही. पण पाणी आणि बोटी यांची समज वकिलीत उपयोगी पडली. 1856 मध्ये ‘एफी आफ्टन’ नावाची आगबोट मिसिसिपी नदीवरच्या नव्या रेल्वे पुलाला धडकून जळाली. बोटवाल्यांनी पूल कंपनीवर दावा लावला. 1857 च्या शिकागोतल्या खटल्यात कंपनीकडून उभे राहिलेले लिंकन प्रवाहाचा वेग, त्याची दिशा आणि बोटीची चाकं यांवर ज्युरींपुढे बारकाईने बोलले. ज्युरींचं एकमत झालं नाही, पूल उभाच राहिला.

अशा वकिलांची आज आपल्याकडे गरज आहे. पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांच्या शोधांचे पेटंट-अर्ज लिहून पेटंट कार्यालयात मांडणारा, व्हायला भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षं पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. कायद्याची पदवी त्याला लागत नाही, पण आर्ट्सची पदवी चालत नाही. बाबांना एवढं एकच वाक्य दाखवलंत तरी पुरे. अभियांत्रिकी किंवा बी.एस्सी. करून पुढे तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, तर अर्ज लिहिण्यापासून कोर्टात भांडण्यापर्यंत सगळं तिच्या हातात येईल. पश्चिम भारताचं पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, म्हणजे घर सोडायचीही गरज नाही. बारावीनंतर विचार बदलला आणि थेट पाच वर्षांच्या लॉला जावंसं वाटलं, तरी सायन्स आडवं येत नाही. आर्ट्समधून अभियांत्रिकीकडे वळणं मात्र जवळपास अशक्य.

वाट लांब आहे, हे लपवत नाही. बारावीनंतर सहा-सात वर्षं कॉलेजात जातील. घरची ओढाताण असेल तर पदवीनंतर आधी एजंटची परीक्षा द्यावी, नोकरी धरावी, लॉ मागाहून करावं.

सुट्टीत तिला एक काम द्या. 6469 चा मजकूर आणि चित्रं इंटरनेटवर फुकट आहेत. ते वाचून तिने आपल्या होडीबद्दल तसंच लिहावं: आधी काय होतं, माझी रचना कशी चालते, त्यात नवीन काय. कलंडण्याचं कारणही शोधावं. दोन्हीकडच्या ट्यूबमध्ये हवा सारखी होती का, एक बाजू गाळात जास्त रुतली होती का? आणि पाणी पुरतं ओसरल्यावर ट्यूब कितीही फुगवली तरी होडी उचलणार नाही, कारण ट्यूबला वर ढकलायला भोवती पाणीच हवं. नुसत्या चिखलात काय करायचं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि लिंकनच्या पेटंटात त्याचं उत्तर नाही.

ते तिला सापडलं, तर व्हिडिओ काढून लगेच इन्स्टाग्रामवर टाकू देऊ नका. आधी तात्पुरत्या तपशिलासह पेटंटचा अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.