टेलिस्कोपिक ॲक्च्युएटरचा ब्रेक : वाचकांचे प्रश्न

टेलिस्कोपिक ॲक्च्युएटर म्हणजे एकात एक बसणारे स्क्रू. मधला स्क्रू मोटर फिरवते. त्यावरच्या नटाला जोडलेली पोकळ नळी बाहेरून स्वतःच स्क्रू असते, आणि तिच्यावरचा नट सगळ्यात बाहेरच्या, न फिरणाऱ्या नळीला जोडलेला असतो. बंद असताना उंची कमी, उघडल्यावर चाल लांब, म्हणून लिफ्ट टेबलापासून उंची बदलणाऱ्या टेबलाच्या पायांपर्यंत तो सगळीकडे दिसतो. आलेल्या प्रश्नांत एक घोटाळा पुन्हा पुन्हा आढळला. लोड थांबवणं, लोड धरून ठेवणं आणि लोड सावकाश उतरवणं ही ब्रेकची तीन वेगळी कामं आहेत. ब्रेक घेताना बहुतेक जण फक्त दुसऱ्या कामाचा विचार करतात.

आमच्या ॲक्च्युएटरला ट्रॅपेझॉइडल (समलंब आट्यांचा) स्क्रू आहे. तो 'सेल्फ लॉकिंग' असल्यामुळे ब्रेक लागत नाही, असं पुरवठादार म्हणाला होता. पण शेजारी कॉम्प्रेसर बसवल्यापासून टेबल हळूहळू खाली येतं. — मेंटेनन्स विभागातील वाचक, चाकण

पुरवठादार खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं. आट्यांचा चढ घर्षणकोनापेक्षा (ज्या उतारापर्यंत घर्षण सरकू देत नाही तो कोन) कमी असेल तर स्क्रू लोडखाली उलटा फिरत नाही, एवढाच सेल्फ लॉकिंगचा अर्थ. तुमचा स्क्रू २० × ४ चा आहे. त्याचा मध्यव्यास १८ मिमी, एका फेरीत चाल ४ मिमी, म्हणजे चढ साधारण ४ अंश. पितळी नट आणि स्टीलचा स्क्रू यांच्यात घर्षणांक ०.१ धरला, तर आट्याच्या उताराचा हिशेब करून घर्षणकोन ५.९ अंश येतो. लोड धरला जातो.

आता त्यात चांगलं ग्रीस भरा, आटे रुळून गुळगुळीत होऊ द्या आणि शेजारी कॉम्प्रेसर चालू करा. हादऱ्यात आटे क्षणाक्षणाला सुटतात आणि प्रत्यक्ष मिळणारा घर्षणांक ०.०६ वर आला तरी नवल नाही. मग घर्षणकोन ३.६ अंश, आणि ४ अंशांच्या चढावर लोड सरकणारच. घर्षणावर उभं असलेलं लॉकिंग हवामान, ग्रीस आणि हादरे यांच्या मर्जीवर असतं. त्याला ब्रेक समजू नका. मोटरच्या मागच्या टोकाला छोटा स्प्रिंगने लागणारा ब्रेक बसवा. वीज गेली की तो आपोआप लागतो, आणि स्क्रूचं घर्षण बराचसा भार उचलत असल्यामुळे तो लहान असला तरी चालतो.

५०० किलोच्या लिफ्ट टेबलासाठी दोन टप्प्यांचा बॉल स्क्रू ॲक्च्युएटर बनवतोय. लीड (एका फेरीतली चाल) ५ मिमी, गिअरबॉक्स १:१०. ब्रेक मोटरवर लावू की स्क्रूवर? — लघुउद्योजक, कोल्हापूर

बॉल स्क्रूत नट आणि स्क्रूमध्ये गोळ्या फिरतात, घर्षण नगण्य, त्यामुळे सगळा भार ब्रेकवरच येणार. ५००० न्यूटन गुणिले ०.००५ मीटर भागिले २π, म्हणजे स्क्रूवर सुमारे ४ न्यूटन-मीटरचा उलटा टॉर्क. गिअरबॉक्सपलीकडे मोटरवर तो ०.४ होतो. दुपटीची सुरक्षितता धरली तर मोटरवर ०.८ न्यूटन-मीटरचा ब्रेक पुरतो आणि स्क्रूवर ८ चा लागतो. आकारात आणि किमतीत बराच फरक पडतो, म्हणून बाजारातले बहुतेक ॲक्च्युएटर ब्रेक मोटरवर लावतात.

तरी तुमच्यासाठी मी स्क्रूवरचाच ब्रेक सांगेन. मोटरवरच्या ब्रेकपासून लोडपर्यंतच्या साखळीत चावी (गिअर शाफ्टवर पक्का धरणारी पट्टी), कपलिंग, पिनियन (छोटा गिअर) आणि गिअरचे दात येतात. त्यातलं काहीही तुटलं तर ब्रेक जागेवर पक्का लागलेला असतो आणि टेबल खाली येतं. टेबलाखाली माणूस हात घालणार असेल तर ब्रेक लोडच्या जितका जवळ तितका बरा. टेलिस्कोपिकमध्ये याचा अर्थ मधल्या स्क्रूचं तळाचं टोक, थ्रस्ट बेअरिंगला (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा भार पेलणाऱ्या बेअरिंगला) लागून.

यात एक अडचण येते. वेगात फिरणाऱ्या मोटरचा रोटर स्क्रूच्या बाजूने पाहिला तर गिअर गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे १०० पट जड वाटतो. स्क्रूवरचा ब्रेक चालू वेगात धाडकन लागला, तर तो सगळा झटका गिअरच्या दातांवर येतो. म्हणून रोज थांबवायचं काम ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला द्या. ड्राइव्हने वेग शून्यावर आणावा, मग ब्रेक लागावा. चालू वेगात ब्रेक लागण्याची वेळ फक्त वीज गेल्यावर यावी, आणि गिअर निवडताना तो झटका हिशेबात धरावा.

ब्रेक पक्का लागतो. मधल्या स्क्रूवर खूण केली, तो रात्रभर अजिबात फिरत नाही. तरी सकाळी टेबल चार-पाच मिलिमीटर खाली असतं. ब्रेक बदलला, फरक नाही. — नाशिक

हा प्रश्न वाचून मला माझीच एक जुनी चूक आठवली. एका कारखान्यात मी याच तक्रारीवर दोनदा ब्रेक बदलला होता. दोष ब्रेकमध्ये नव्हताच.

मधली पोकळ नळी कुणी धरून ठेवलेली आहे, ते पाहा. ब्रेक मधला स्क्रू धरतो, बाहेरच्या नळीला फिरू न देणारी चावी असते. या दोघांमधली नळी मात्र दोन्हीकडून आट्यांत अडकलेली, तरी फिरायला मोकळी असते. लोडखाली आतले आटे तिला एका दिशेला फिरवू पाहतात आणि बाहेरचे आटे विरुद्ध दिशेला. दोन्ही लीड सारखी असतील तर हे दोन टॉर्क एकमेकांना फेडतात. नळी हादऱ्याने थोडी फिरली तरी एक टप्पा जितका आत जातो तितकाच दुसरा बाहेर येतो आणि एकूण उंची बदलत नाही.

लीड वेगळी असेल तर गणित बिघडतं. तुमच्या पत्रात आतली लीड ५ आणि बाहेरची ६ मिमी आहे. नळी एक फेरी उलटी फिरली की बाहेरचा टप्पा ६ मिमी आत जातो, आतला ५ मिमी बाहेर येतो आणि टेबल १ मिमी खाली बसतं. मधला स्क्रू जागचा हलत नाही, म्हणून ब्रेकला याचा पत्ताही लागत नाही.

मग टेबल एका झटक्यात का येत नाही? ५००० न्यूटन लोड धरा. १ मिमीच्या फरकातून नळीला फिरवणारा टॉर्क ०.८ न्यूटन-मीटर येतो. दोन्ही बॉल स्क्रूंमधलं घर्षण त्यांच्या टॉर्कच्या दहाव्या हिश्शाएवढं धरलं, तर मिळून तेही जवळपास ०.९. तराजू जेमतेम तोललेला आहे. दिवसा शांत उभं राहणारं टेबल रात्री शेजारचं प्रेस मशीन चालू झालं की प्रत्येक ठोक्याला कणभर सरकतं.

खात्री करायला खूण स्क्रूवर करू नका, मधल्या नळीवर करा आणि सकाळी ती कुठे आहे ते पाहा. फिरलेली दिसली तर उपाय दोन आहेत. नव्या डिझाइनमध्ये दोन्ही टप्प्यांची लीड अगदी सारखी ठेवा. व्यास वेगळे असल्याने चढाचा कोन वेगळा येईल, पण त्याने काही बिघडत नाही. जुन्या मशीनमध्ये मधल्या नळीवर स्प्रिंग-बॉलचं छोटं डिटेंट (खाचेत बसून अडवणारी गोळी) किंवा घर्षणाची रिंग बसवून तिला थोडा जास्तीचा अडसर द्या. ०.८ च्या वर पुरेसा जाईल इतकाच द्या, नाहीतर मोटरला तो सतत ओढत बसावा लागेल. कोणता टप्पा आधी उघडेल हेही या अडसरावर ठरतं, त्यामुळे नंतर उघडण्याचा क्रम एकदा तपासून घ्या.

घर्षणाच्या चकत्या आणि रॅचेट (एकाच दिशेला फिरू देणारं दातेरी चाक) असलेला लोड ब्रेक आहे. वर जाताना छान, उतरताना मात्र खडखड करत झटक्याने येतो. — वाळूज

हे तत्त्व तुमच्या वर्कशॉपमधल्या चेन पुलीत रोज चालतं. वर ओढताना रॅचेटची टिकटिक होते आणि चकत्या आवळलेल्या राहतात. उतरवताना रॅचेट चकतीला अडवतं, लोड चकत्या आवळतो, आपण साखळीने त्या थोड्या सैल करतो, लोड थोडा सरकतो आणि पुन्हा आवळतो. या सैल-आवळ चक्राचे झटके मोठे झाले की खडखड ऐकू येते. विमानाच्या शेपटीचं आडवं स्टॅबिलायझर हलवणाऱ्या स्क्रूवरचे 'नो-बॅक' ब्रेकही याच कुळातले.

स्थिर घर्षण आणि सरकतं घर्षण यांत जितकी तफावत, तितका झटका मोठा. चकत्या कोरड्या चालणाऱ्या असतील तर आधी त्यांना तेल लागलंय का पाहा. अर्धवट तेलकट चकती सगळ्यात वाईट वागते. पूर्ण तेलात चालणाऱ्या चकत्यांत घर्षण कमी, पण एकसारखं मिळतं, मात्र त्यासाठी चकत्यांची संख्या वाढवावी लागते. रॅचेटचे दात बारीक केले, तर पॉल (दातांत अडकणारी खिट्टी) अडकेपर्यंत स्क्रूला मागे फिरायला वाव कमी मिळतो आणि थांबताना बसणारा धक्का निम्म्यावर येऊ शकतो.

चकत्या तापून गुळगुळीत झाल्या आहेत का, तेही बघा. ५०० किलो सेकंदाला १० मिमी वेगाने उतरवायचे म्हणजे ५० वॅट उष्णता जिरवायची, आणि ती जवळपास सगळी त्या मूठभर चकत्यांत. दिवसातून चार वेळा उतरवत असाल तर ठीक. दर मिनिटाला उतरवत असाल तर चकत्यांच्या घराला फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) लागतील, किंवा ती ऊर्जा मोटर आणि ड्राइव्हकडे वळवावी लागेल.

वीज बंद केल्यावर ब्रेक लागायला उशीर होतो, टेबल ७-८ मिमी पुढे जातं. स्प्रिंग बदलू का? — सातारा

स्प्रिंगला हात लावण्याआधी २४ व्होल्टच्या कॉइलवर साधा डायोड उलटा जोडलाय का ते पाहा. तो स्विचला वाचवतो, पण कॉइलमधला करंट त्यातूनच फिरत राहतो आणि सावकाश विरतो, तोवर चुंबक चकती सोडत नाही. डायोडऐवजी योग्य व्होल्टेजचा व्हॅरिस्टर (ठरावीक व्होल्टेजच्या वरच करंट जाऊ देणारा भाग) लावा. रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या भागावर) चालणारा ब्रेक असेल तर डीसीच्या बाजूने तोडा. एसीच्या बाजूने तोडलं तरी रेक्टिफायर हेच डायोडचं काम करतो. यानंतरही उशीर होत असेल तरच चकतीमधली हवेची फट मोजा.

हॉस्पिटलच्या पलंगाच्या ॲक्च्युएटरमध्ये नुसती गुंडाळलेली स्प्रिंग ब्रेकचं काम करते. एवढ्याशा तारेने माणसाचं वजन कसं पेललं जातं? — डिप्लोमाचा विद्यार्थी, पुणे

धक्क्यावर होडी बांधताना कोळी दोर खुंटाला चार-पाच वेढे देतो आणि दुसरं टोक एका हाताने सहज धरतो. स्प्रिंगही तशीच हबभोवती आवळते, आणि पकड वेढ्यांबरोबर घातांकाने वाढते. घर्षणांक ०.१ असेल तर ४ वेढ्यांना ती १२ पट, ६ वेढ्यांना ४३ पट होते. मात्र तोच घर्षणांक ग्रीसमुळे ०.०५ झाला, तर ६ वेढ्यांची पकड ४३ पटींवरून साडेसहा पटींवर येते. म्हणून या ब्रेकसाठी ठरवून दिलेलंच ग्रीस आणि तेवढंच वापरतात. दुरुस्तीत कुणी हाताला लागेल ते ग्रीस भरलं की पलंग रुग्णासकट खाली सरकू लागतो.

एकाऐवजी दोन ब्रेक लावले तर पूर्ण सुरक्षित होईल ना? — बुटीबोरी

नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि ८८ जण गेले. स्टॅबिलायझर हलवणाऱ्या स्क्रूच्या नटाचे आटे वंगणाअभावी झिजून निघून गेले होते. स्क्रू कितीही घट्ट धरला तरी त्यावरचा नटच आटे सोडून सरकला तर ब्रेक काय करणार?

दुसऱ्या ब्रेकचे पैसे सेफ्टी नटावर, म्हणजे मुख्य नट निकामी झाला तर भार झेलणाऱ्या जादा नटावर खर्च करा. मुख्य नटाखाली ठरलेली फट ठेवून तो बसवतात. त्यावर एरवी भार नसतो, आणि मुख्य नट झिजू लागला की फट कमी होत जाते. ट्रॅपेझॉइडल नटात आट्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी झीज झाली की मी नट काढायला लावतो. ४ मिमी पिचला (दोन आट्यांमधलं अंतर) ती ०.५ मिमी होते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन दर महिन्याला फट मोजा आणि तारखेसह मशीनच्या दारावरच लिहून ठेवा.