हलक्या वाहनाचा परवाना आहे, आता ट्रक शिकतोय. नियम आणि वळणं नीट कशी शिकू?

नियम आठवडाभरात पाठ होतात. वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना काढून वर्ष झालेलं, हे तुम्हाला माहीत असेलच. गोल चौकात आधी शिरलेल्याला वाट द्यायची, अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, हेही लक्षात राहील. खरा वेळ द्या तो डाव्या वळणाला.

आपली सीट उजवीकडे. डाव्या दाराला लागून चाललेली दुचाकी केबिनमधून दिसत नाही. त्यात वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून येत नाहीत, आतून कापत येतात. गाडी जेवढी लांब, तेवढी जास्त कापते. कोपऱ्यावर उभ्या माणसाला केबिन पुढे गेली की वाटतं गाडी गेली, आणि तो मागच्या चाकाखाली सापडतो.

हे नुसतं ऐकून कळत नाही. मोकळ्या मैदानात जुना टायर ठेवा, तो रस्त्याचा कोपरा समजा. उस्तादांना त्याला वळसा घालून गाडी डावीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही लांब उभं राहून फक्त मागचं चाक बघा. मग स्टेअरिंगवर तुम्ही बसा. नंतर गाडी उभी करून कुणाला तरी सायकल घेऊन डाव्या बाजूने मागून पुढे यायला सांगा. तो आरशातून कुठे नाहीसा होतो आणि पुन्हा कुठे दिसतो, ते डोक्यात पक्कं बसू द्या.

बरेच जण चौकाआधीच गाडी उजवीकडे घेतात आणि मग डावीकडे मारतात. मला ते अजिबात पटत नाही. डावीकडे जागा दिसली की स्कूटरवाला घुसणारच. इंडिकेटर लवकर द्या, डावी बाजू धरून चौकात या, कारने वळाल त्यापेक्षा थोडं पुढे जाऊन मग स्टेअरिंग फिरवा. त्यासाठी पलीकडची लेन लागणार असेल, तर ती मोकळी होईपर्यंत थांबा. मागचे हॉर्न मारतील, मारू द्या. वळण पूर्ण होईपर्यंत डावा आरसा बघत राहा. क्लीनर सोबत असेल तर त्याला खिडकीतून बघायला लावा आणि तो "थांबा" म्हणाला की लगेच थांबा.

वेग वळणाआधीच उतरवायचा. माल उंच भरलेला असेल किंवा टँकर असेल, तर वळणात ब्रेक दाबून गाडी सावरत नाही.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायला कुणी शिकवत असेल, तर त्याच्याकडे शिकू नका. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ट्रकचे किती अपघात झालेत, ते पेपरात वाचलंच असेल. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत नवी हवा भरत नाही. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका आणि खाली पोचेपर्यंत तोच ठेवा.