मॅनेजरला नाव लागत नाही

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मदतछावण्यांमध्ये लैंगिक हिंसा झालेल्यांची ओळख गुप्त कशी ठेवायची, याचं प्रशिक्षण तू घेणार आहेस. छावणीप्रमुख, रसद सांभाळणारे, लेखा विभागातले असे मॅनेजर दोन दिवस तुझ्यासमोर बसणार आणि त्यातल्या एकाने आधीच विचारून ठेवलंय, "माझ्या छावणीत कोणावर काय ओढवलं हे मलाच कळणार नसेल, तर जबाबदारी मी कशाच्या जोरावर घ्यायची?" या प्रश्नाने तुझा गोंधळ उडाला आणि आराखड्यात आणखी व्याख्या शिरल्या. त्या काढून टाक. उत्तर छोटं आहे: मॅनेजरला नाव लागत नाही. सर्व्हायव्हरला, म्हणजे अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला, हवी असलेली सेवा आज रात्री चालू आहे की नाही, हे त्याला माहीत असायला लागतं.

पहिल्याच सकाळी हा सराव घे. प्रत्येकाला एक चिठ्ठी दे: रात्री नऊ वाजता पहारेकऱ्याचा फोन आलाय. एका बाईने बलात्कार झाल्याचं त्याला सांगितलं आणि ती नोंदणी कक्षाजवळ बसली आहे. त्याला काय काय विचाराल, पाच मिनिटांत लिहा. कागदावर काय उतरेल ते आत्ताच सांगता येईल: नाव, वय, कुठल्या ब्लॉकमधली, कोणी केलं, एकटी तिकडे का गेली. मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहायला लाव, "या उत्तरामुळे पुढच्या तासात मी काय वेगळं करणार?" ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न खोडायचा. उरतात तीन: ती आत्ता सुरक्षित आहे का, तातडीच्या उपचाराची जखम आहे का, तिला काय हवंय. तिने "काही नको" म्हटलं तर कोणती सेवा कुठे आणि कधीपर्यंत मिळते एवढं सांगायचं आणि तिला तिचा निर्णय घेऊ द्यायचा. इथे मॅनेजर चुळबुळतात. चुळबुळू देत.

मात्र ती माहिती अचूक हवी, कारण अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय तिचा नसतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं. तातडीचं गर्भनिरोधक 120 तासांपर्यंत देता येतं. दोन्हींत जितकी घाई तितका उपयोग जास्त. पण मुदत उलटली म्हणून कोणाला परत पाठवायचं नसतं. जखमा, लैंगिक संसर्ग, मानसिक आधार, यांसाठी नंतरही यावं. पुरुष आणि मुलगेही सर्व्हायव्हर असतात, आणि सगळी सेवा प्रसूती कक्षातच ठेवली तर ते येणारच नाहीत. पोलिसांचा कागद आणल्याशिवाय उपचार नाहीत, असा नियम दवाखान्याने आपल्या मनाने लावलाय का, हे मॅनेजरने आधीच जाऊन पाहायचं.

त्याची जबाबदारी ती हीच. बलात्कारानंतरच्या उपचारांचा आंतरसंस्था संच क्रमांक 3 (मदतसंस्थांनी मिळून ठरवलेली औषधांची तयार पेटी) दहा हजार लोकसंख्येला 3 महिन्यांसाठी बेतलेला असतो. तो गोदामात पडलाय की दवाखान्यात पोचलाय? औषधांची मुदत कधी संपते? सेवांच्या यादीतला प्रत्येक नंबर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लावून पाहिलाय का? माणसं बदलतात, यादी भिंतीवर तशीच राहते. तिच्यावर तारीख हवी आणि ती अद्ययावत ठेवणाऱ्याचं नाव हवं. (नाव लागतं ते इथे.)

बाकी नाव फुटतं ते तोंडातून कमी, कागदातून जास्त. फाटकावरची वही. गाडीच्या लॉगबुकातला "प्रवासाचं कारण" हा रकाना. औषधाच्या बिलावर लाभार्थीची सही मागणारा लेखापाल. मासिक अहवालात "वय 15, ब्लॉक 4, पाणवठ्याजवळ" असं लिहिलं की नाव न लिहिताही छावणीभर कळतं ती कोण. तेव्हा आधीच ठरवून घे: बिलावर सांकेतिक क्रमांक, क्रमांक आणि नाव जोडणारा कागद केस वर्करच्या (तिचं प्रकरण सांभाळणाऱ्या कार्यकर्तीच्या) कुलूपबंद कपाटात, लॉगबुकात फक्त "वैद्यकीय वाहतूक", गाडीवर संस्थेचा ठळक लोगो नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही नाही, "आज एक केस आली" हेसुद्धा नाही.

मी एकच गोष्ट घोकून घेतो असा माझ्यावर आरोप आहे. असू दे. सहानुभूती दोन दिवसांत शिकवता येत नाही, रकाना खोडायला शिकवता येतं. "आकडे नसतील तर निधी कसा मागायचा?" असंही ऐकशील. आंतरसंस्था स्थायी समितीची (संयुक्त राष्ट्रं आणि इतर मदतसंस्थांच्या समन्वय मंचाची) 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तक्रारी नसल्या तरी हिंसा होते आहे असं धरूनच काम सुरू करायचं. शौचालयाला आतून कडी आणि वाटेवर दिवा लावायला कोणाचंही नाव लागत नाही.

एक गाठ तुझ्या पत्रात तशीच राहिली आहे. संशय मदतसंस्थेच्याच माणसावर असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या 2003 च्या बुलेटिनप्रमाणे कर्मचाऱ्याने ते ठरलेल्या यंत्रणेला कळवावंच लागतं. मग तिचा निर्णय कुठे राहिला? ही मर्यादा ती बोलायला लागण्याआधी तिला सांगितली, तर राहतो. नंतर सांगणं ही फसवणूक आहे. कळवताना तिची ओळख जोडायची का, हेही तिलाच विचारायचं. आणि चौकशी मॅनेजरने करायची नाही, गावपंच बसवून मिटवायचं तर मुळीच नाही. ते प्रशिक्षित तपासनिसांचं काम. लहान मुलांच्या बाबतीत, किंवा कळवणं कायद्याने सक्तीचं असेल तिथे, नियम वेगळे असतात. त्या देशाचा कायदा सत्राआधी एका पानात लिहून घे.

"तक्रार खोटी असली तर?" हेही येईलच. त्यावर अर्धा तास घालवू नकोस. औषध द्यायला पुरावा लागत नाही. पुढे चल.

वर्गात सर्व्हायव्हर बसलेले आहेत असं धरूनच चाल. म्हणून खरी केस नाव बदलूनही सांगायची नाही, सर्व्हायव्हरची भूमिका कोणाला करायला लावायची नाही, बाहेर जाणाऱ्याला कारण विचारायचं नाही, आणि समुपदेशक आवारात हवा. साहेब आणि त्याच्या हाताखालचे एका गटात नकोत. वीसच्या वर माणसं घेतलीस तर चिठ्ठ्यांचा सराव तपासणं जमणार नाही.

दुसऱ्या दिवसाची दुपार मोकळी ठेव. प्रत्येकाने आपल्या कार्यालयातले खरे फॉर्म आणायचे आणि नावाचा रकाना दिसेल तिथे लाल पेनाने लिहायचं, "कशाला?" लेखापालाचे फॉर्म पहिल्यांदा घे. भांडण तिथेच होणार आहे आणि त्याला वेळ लागतो.